हिरवी खूण आणि रंगीत रेघा

संगणकाचा प्रोग्रॅम म्हणजे शेवटी मजकूरच. तो ओळींनी लिहिलेला असतो, फाइलींत साठवलेला असतो आणि कादंबरीच्या हस्तलिखितापेक्षा कितीतरी जास्त वेळा खोडला-दुरुस्त केला जातो. कादंबरी एकदा छापली की लेखकाच्या हातून सुटते. प्रोग्रॅम वापरात असेपर्यंत बदलतच राहतो, आणि बदलणारे हात दहा असतात, कधी काही हजार. कोणी, केव्हा, कोणती ओळ, कशासाठी बदलली याची नोंद नसेल तर थोड्याच दिवसांत कोणाचा कोणाला पत्ता लागत नाही. ही नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. आवृत्त्यांचा सांभाळ, असे आपण म्हणू.

हे सॉफ्टवेअर कोणी केले, त्यातले कोणते टिकले, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्याच्यावर बसवलेल्या खिडक्या, म्हणजे आज्ञा टाइप न करता माउसने आणि डोळ्यांनी हे काम करू देणारे प्रोग्रॅम, यांचा इतिहास माझ्या वाचनात फारसा आला नाही. त्याचे कारण उघड आहे. खरा जाणकार कळफलकावर आज्ञा लिहितो, टिचक्या मारायच्या त्या नवशिक्यांनी, अशी प्रोग्रॅमर मंडळींत एक जुनी समजूत आहे. त्यामुळे खिडकी करणारा माणूस कारागीर नव्हे, रंगारी ठरतो. मला हे पटत नाही. भूतकाळ कोणत्या रूपात डोळ्यांपुढे येतो त्यावर तो आपल्याला कसा समजतो हे ठरते. आणि या कथेत तर पुढे असे घडले की चित्र बरे दिसावे म्हणून माणसे भूतकाळच बदलू लागली.

सुरुवातीला चित्र नव्हतेच. १९७२ मध्ये बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम, म्हणजे एससीसीएस, लिहिली. तिचे पहिले रूप आयबीएमच्या मोठ्या संगणकासाठी स्नोबोल नावाच्या भाषेत होते. नंतर ती युनिक्सवर सी भाषेत आली. डिस्कवरची जागा महाग होती, तेव्हा प्रत्येक आवृत्तीची अख्खी प्रत ठेवणे शक्यच नव्हते. रॉचकाइंड यांनी सगळ्या आवृत्त्यांच्या ओळी एकाच फाइलीत एकमेकींत विणून ठेवल्या आणि कोणती ओळ कधी आली, कधी गेली याच्या खुणा मधे घातल्या. दहाएक वर्षांनी परड्यू विद्यापीठातल्या वॉल्टर टिची यांनी आरसीएसमध्ये हे उलटे केले. ताजी आवृत्ती पूर्ण ठेवायची आणि मागे जायचे तर उलटे फरक लावत जायचे. रोज लागते ते हाताशी, क्वचित लागते ते माळ्यावर. कुठल्याही घरात हीच रीत असते.

दोन आवृत्त्यांतला फरक शोधणारा डिफ हा प्रोग्रॅम डग्लस मॅकिलरॉय आणि जेम्स हंट यांचा. तो १९७४ च्या युनिक्समध्ये आला. काढलेल्या ओळीपुढे एका बाजूला तोंड असलेला कोनी कंस, घातलेल्या ओळीपुढे दुसऱ्या बाजूला तोंड असलेला. रंग नाही, शेजारी-शेजारी मांडणी नाही. भूतकाळ साठवला जात होता, पण त्याला चेहरा नव्हता. ज्याला पाहायचा त्याने तो वाचून मनातल्या मनात जुळवायचा.

पुढची पायरी अॅम्स्टरडॅमची. तिथल्या फ्रिये विद्यापीठात डिक ग्रून हे आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर सी भाषेच्या एका कंपायलरवर काम करत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच काम करणारा, दुसऱ्याच्या वेळेचा नेम नाही, आणि स्वतः ग्रून यांना मोकळीक फक्त संध्याकाळी. आरसीएसमध्ये एकाने फाइल घेतली की तिला कुलूप लागे, दुसऱ्याने थांबायचे. तिघांच्या वेळा जुळेनात, म्हणून ग्रून यांनी कुलूपच काढून टाकणाऱ्या काही छोट्या आज्ञावल्या लिहिल्या आणि १९८६ मध्ये त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. त्यातून सीव्हीएस झाले; १९८९ मध्ये ब्रायन बर्लिनर यांनी ते सी भाषेत नव्याने बांधले. ग्रून यांच्या संचाचे पहिले नाव सीएमटी होते, कमिट या शब्दावरून. आपला बदल सर्वांच्या नोंदीत पक्का करणे या अर्थाचा हा शब्द आज जगभरचे प्रोग्रॅमर दिवसातून अनेकदा उच्चारतात.

कुलूप गेले तशी नवी अडचण आली. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली तर? सीव्हीएस दोन्ही पाठ एकाच फाइलीत वर-खाली छापून त्यांच्यामध्ये सात-सात चिन्हांच्या रांगा घालत असे आणि बाकीचे माणसावर सोडत असे. हा प्रश्न पाठभेदांचाच होता. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्यांनी मुख्य पाठ वर आणि पाठभेद तळाला अशी पानाची मांडणी केली, कारण मांडणी चुकली असती तर विद्वानालाही तो पसारा वाचता आला नसता. प्रोग्रॅमरांना तशी मांडणी प्रथम मिळाली ती महागड्या वर्कस्टेशनवर. सन कंपनीच्या फाइलमर्जमध्ये १९८० च्या दशकातच वरच्या भागात दोन पाठ शेजारी-शेजारी आणि खाली त्यांतून निवडून तयार होणारा तिसरा, अशी खिडकी होती. आज कोणतेही असे साधन उघडा, सांगाडा बहुधा हाच दिसेल.

व्यापारी सॉफ्टवेअरमध्येही खिडक्या आल्या. अॅट्रिया कंपनीच्या क्लिअरकेसमध्ये एका फाइलीच्या आवृत्त्यांचे झाड काढून दाखवणारी खिडकी होती. मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये वन ट्री या छोट्या कंपनीबरोबर सोर्ससेफ विकत घेतले आणि ते विंडोजवर घरोघरी गेले. त्यात कुलपाची जुनी पद्धत कायम होती. या दोन्हींवर इथे थांबायचे कारण नाही. पैसे देणाऱ्या कंपनीला जे हवे ते त्यांनी दिले. मला रस आहे तो कोणी न सांगता, न पगाराचे केलेल्या खिडक्यांत. त्यांतल्या दोन मी निवडल्या आहेत, कारण भूतकाळाला दोन अगदी वेगळे प्रश्न विचारायला त्यांनी लोकांना शिकवले.

पहिली खिडकी म्हणजे खिडकीच नव्हे. २००० च्या सुमारास फ्रान्सिस अर्व्हिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॉर्टॉइजसीव्हीएस केले. त्याआधीचे बहुतेक असे प्रोग्रॅम स्वतंत्र होते. ते वेगळे उघडायचे, त्यात आपला फोल्डर शोधायचा, मग काम. अर्व्हिंग यांनी वेगळे काही उघडायलाच नको असे ठरवले. विंडोजमध्ये आपण नेहमीसारखा फोल्डर उघडायचा, फाइलीवर उजवी टिचकी द्यायची, आणि त्याच यादीत आवृत्त्यांच्या आज्ञा हजर. विंडोजच्या त्या भागाला शेल म्हणतात, म्हणजे कवच. कवचात राहणारा प्राणी कासव, म्हणून टॉर्टॉइज. संगणकाच्या दुनियेतल्या नावांत हे मला सगळ्यात गोड वाटते.

त्याच सुमारास सीव्हीएसच्या जागी नवे काही असावे म्हणून कोलॅबनेट कंपनीने सबव्हर्जनचे काम सुरू केले होते. सबव्हर्जन चांगले होते, पण त्याला खिडकी नव्हती. २००२ मध्ये टिम केम्प यांनी टॉर्टॉइजसीव्हीएसच्या कोडचा आधार घेऊन टॉर्टॉइजएसव्हीएनला आरंभ केला. थोड्याच दिवसांत स्टेफान क्यूंग त्यात आले, आणि त्यांनी जुना कोड इतका बदलत नेला की मूळची एक ओळही उरली नाही. वाड्याची एकेक तुळई बदलत जावी आणि शेवटी दारावरची पाटी तेवढी जुनी राहावी, तसे. ल्युबे ऑन्केन यांनी चिन्हे, भाषांतरे आणि माहितीपुस्तिका यांची बाजू सांभाळली. हे सगळे फुकट वाटले गेले.

टॉर्टॉइजची खरी करामत उजव्या टिचकीत नाही, फाइलीच्या चित्रावर बसणाऱ्या छोट्या खुणेत आहे. हिरव्या वर्तुळात बरोबरची खूण असेल तर फाइल आणि नोंद यांत फरक नाही. लाल वर्तुळात उद्गारचिन्ह असेल तर तुम्ही काही बदलले आहे, नोंद बाकी आहे. पिवळा त्रिकोण म्हणजे दोघांच्या बदलांत टक्कर. निळे अधिकचिन्ह म्हणजे फाइल नव्याने दाखल व्हायची आहे. एवढी चार चिन्हे कळली की ज्याने जन्मात कधी आज्ञा टाइप केली नाही असा चित्रकार, भाषांतरकार किंवा पुस्तिका लिहिणारा लेखकही या व्यवस्थेत शिरू शकत होता. माझ्या मते आवृत्त्यांचा सांभाळ प्रोग्रॅमरांच्या कोठीतून बाहेर आला तो या खुणेमुळे.

तिची किंमतही होती. प्रत्येक फाइलीची स्थिती ताजी दाखवायची तर मागे एक प्रोग्रॅम सतत डिस्क चाळत बसायला हवा, आणि तो यंत्र मंदावी. दुसरी अडचण आणखी मजेदार आहे. अशा चित्रावरच्या खुणा विंडोज एकंदर १५ पर्यंतच मानते, आणि त्यातल्याही काही स्वतःकडे ठेवते. जास्तीचे दावेदार आले तर नावांच्या वर्णक्रमाने पहिले येतील त्यांना जागा. पुढे फाइली इंटरनेटवर साठवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही आपापल्या खुणा हव्या झाल्या, तेव्हा नोंदीतल्या नावाआधी कोऱ्या जागा घालून रांगेत पुढे घुसण्याची स्पर्धा लागली. टेलिफोन डिरेक्टरीत वर यावे म्हणून दुकानाचे नाव अ अक्षराने सुरू करणारे दुकानदार ज्यांना आठवतात त्यांना याचे नवल वाटणार नाही. कासव घराण्यातल्या मंडळींनी मात्र वेगळा मार्ग धरला. सीव्हीएस, सबव्हर्जन, मर्क्युरियल आणि गिट या चार वेगवेगळ्या व्यवस्थांची कासवे खुणांचा एकच संच वाटून वापरू लागली, म्हणजे जागा अडणार नाहीत. पैसे घेणाऱ्यांनी धक्काबुक्की केली आणि फुकट काम करणाऱ्यांनी पंगत धरली.

हिरवी खूण विचारते, आत्ता सगळे ठीक आहे ना? हा वर्तमानाचा प्रश्न आहे. मागे काय घडले ते हवे असेल तर टॉर्टॉइजमध्ये नोंदींची एक उभी यादी उघडते आणि प्रत्येक नोंदीला ओळीने क्रमांक असतो. सबव्हर्जनमध्ये साऱ्या संग्रहाला एकच वाढता क्रमांक असल्याने यादी पुरत असे. ४१२ नंतर ४१३, खतावणीच्या पानासारखे. भूतकाळ सरळ रेषेत आहे हे त्या क्रमांकांनीच ठरवून टाकले होते.

दुसऱ्या खिडकीचा जन्म भांडणातून झाला. लिनस टॉरवल्ड्स २००२ पासून लिनक्सच्या गाभ्यासाठी बिटकीपर वापरत होते. लॅरी मॅकव्हॉय यांच्या कंपनीचे हे सॉफ्टवेअर बंदिस्त होते, पण मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना अटींवर फुकट मिळे. कॅनबेरातले अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारा स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला घेतला, मॅकव्हॉय यांनी हरकत घेतली आणि एप्रिल २००५ मध्ये फुकट परवाना मागे घेतला. त्याच महिन्यात कॅनबेरातल्या लिनक्स परिषदेत ट्रिजेल यांनी आपण काय केले ते व्यासपीठावर करून दाखवले. सर्व्हरला जोडून घेतले, आता काय लिहू असे सभागृहाला विचारले, लोक ओरडले ‘हेल्प’, त्यांनी तेच लिहिले आणि सर्व्हरने आपल्या आज्ञांची यादी हाती ठेवली. तोवर टॉरवल्ड्स यांनी गिट लिहायला घेतले होते. ७ एप्रिल २००५ रोजी गिटची पहिली नोंद गिटमध्येच झाली.

गिटमध्ये क्रमांक नाहीत. प्रत्येक नोंदीला तिच्या आशयावरून काढलेले ४० अक्षर-अंकांचे एक नाव असते, आणि तिच्यात तिच्या मातापित्यांची, म्हणजे आधीच्या एक किंवा अधिक नोंदींची, नावे असतात. प्रत्येकाच्या संगणकावर अख्खा इतिहास असतो आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे पुढे जातो; मग वाटा जोडल्या जातात. म्हणजे इथे सरळ रेषा नाही, फुटणारे आणि पुन्हा मिळणारे प्रवाह आहेत. अशा गोष्टीची यादी छापून काय कळणार? एकमेकांशी संबंध नसलेली ४० अक्षरी नावे एकाखाली एक. बिटकीपरबरोबर इतिहास दाखवणाऱ्या खिडक्या येत असत. गिटजवळ काहीच नव्हते.

मे २००५ मध्ये, गिट दीड महिन्याचेही नसताना, पॉल मॅकेरास यांनी गिटके पुढे ठेवले. मॅकेरास हे लिनक्सची पॉवरपीसी शाखा सांभाळणारे ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमर. ज्या ट्रिजेल यांच्यामुळे बिटकीपर गेले त्यांच्याच बरोबर त्यांनी १९९६ मध्ये आरसिंक हे फाइली पाठवायचे प्रसिद्ध साधन लिहिले होते. वादाला निमित्त झाला तो एक मित्र, आणि त्या वादातून जन्मलेल्या गिटला डोळे दिले ते दुसऱ्याने. हा योगायोग मला फार आवडतो, पण तो योगायोगच आहे, त्याहून जास्त काही मी त्यातून काढणार नाही.

गिटके ही एकच फाइल होती, जॉन औस्टरहाउट यांच्या टिकल आणि टीके या जोडीत लिहिलेली. टीकेच्या खिडक्या दिसायला तेव्हाही जुनाट होत्या. राखाडी पट्ट्या, बोजड बटणे. पण मांडणी पाहा. वरच्या अर्ध्या भागात डावीकडे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रंगीत रेघा, ताजी नोंद सर्वांत वर. त्याच ओळीत नोंदीचा मथळा, मग लेखक, मग तारीख. खालच्या अर्ध्या भागात डावीकडे निवडलेल्या नोंदीतला प्रत्यक्ष फरक आणि उजवीकडे बदललेल्या फाइलींची नावे. मॅकेरास यांनी आणखी एक शहाणपणा केला. लिनक्ससारख्या प्रकल्पाचा सगळा इतिहास वाचून होईपर्यंत गिटके थांबत नसे. मागून गिट नोंदी ओतत राही आणि गिटके त्या येतील तशा काढत जाई, त्यामुळे खिडकी उघडताच वरचे काही ठिपके समोर असत.

त्या रेघांच्या रंगांना अर्थ नाही. नवशिक्याला वाटते की हिरवी म्हणजे अमक्याची, तांबडी म्हणजे तमक्या शाखेची. तसे काही नसते. हिरवा, लाल, निळा, जांभळा, राखाडी, तपकिरी, नारिंगी असे सात रंग ठेवले होते ते फक्त शेजारच्या रेघा एकीत एक मिसळून दिसू नयेत म्हणून. अर्थ होता तो रेघ कुठून निघाली आणि कुठे मिळाली यात. हे पाहिले की गिट म्हणजे काय ते कळते. अनेकांना गिट समजले ते माहितीपुस्तिकेतून नव्हे, या खिडकीतून, असे मी म्हणेन. गिटके इथे विचारते, हे कुठून आले? हिरव्या खुणेच्या प्रश्नाहून हा प्रश्न निराळा आहे.

आणि हे नवशिक्यांचे खेळणे नव्हते याचा पुरावा खुद्द गिटच्या इतिहासात आहे. २२ जून २००५ रोजी टॉरवल्ड्स यांनी मॅकेरास यांचा संग्रह गिटमध्ये जोडून घेतला. तो नुसती फाइल नकलून नव्हे. दोन अगदी स्वतंत्र इतिहास, ज्यांचा एकही पूर्वज सामाईक नाही, त्यांनी एका नोंदीत जोडले, आणि आपण काहीतरी भन्नाट केले असे उत्साहाने कळवले. म्हणून गिटच्या वंशावळीला एकाहून जास्त मूळपुरुष आहेत, आणि त्यांतला एक म्हणजे ती वंशावळ काढून दाखवणारा प्रोग्रॅम.

त्यानंतर रांग लागली. मार्को कोस्टाल्बा यांनी त्याच वर्षी क्यूगिट केले. हेच गृहस्थ पुढे स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमचे एक जनक म्हणून ख्यातनाम झाले. मर्क्युरियलवाल्यांनी गिटकेवरून आपली आवृत्ती बेतली. सर्वांत मोलाची भर शॉन पिअर्स यांची, गिट-गुई. गिटमध्ये नोंद करण्याआधी बदल एका मधल्या जागी ठेवावे लागतात. ही मधली जागा गिटमधली सर्वांत अनाकलनीय गोष्ट मानली जाते. पिअर्स यांनी तिला दोन चौकटी दिल्या. वर न निवडलेले बदल, खाली नोंदीसाठी निवडलेले. फाइलीच्या चित्रावर टिचकी दिली की ती वरून खाली जाते. इतकेच नाही, फाइलीतली एकच ओळ उचलून खाली ठेवता येते. मधली जागा म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. पिअर्स जानेवारी २०१८ मध्ये गेले. गिट-गुई अजून गिटबरोबर येते.

मराठी मजकूर या व्यवस्थांत ठेवणाऱ्यांना आज्ञा आणि खिडकी यांतला फरक जरा जास्तच जाणवतो. ‘दिवाळी’ असे नाव दिलेली फाइल ठेवून गिटला आज्ञेने स्थिती विचारली तर, काही बदलून ठेवले नसेल तर, ते नाव नागरीत येत नाही. द या अक्षरासाठी ३४०, २४४, २४६ असे तीन आकडे येतात, वेलांटीसाठी आणखी तीन, आणि सहा चिन्हांच्या त्या नावाचे एकूण १८ आकडे होतात. इंग्रजीबाहेरचे अक्षर दिसले की ते आकड्यांत सांगायचे, अशी गिटची मूळ सवय. बहुतेक खिडक्यांत तेच नाव सरळ ‘दिवाळी’ असे दिसते. दुसरी गोष्ट गद्याची. फरक शोधायचे एकक ओळ हे आहे, आणि प्रोग्रॅमची ओळ आखूड असते. आपला परिच्छेद मात्र संगणकाच्या दृष्टीने एकच लांबलचक ओळ. त्यात एक अनुस्वार दुरुस्त केला तरी अख्खा परिच्छेद लाल होऊन जातो आणि अख्खा परिच्छेद पुन्हा हिरवा होऊन येतो. ज्या खिडक्या ओळीच्या आत शिरून नेमका बदललेला शब्द वेगळ्या छटेत दाखवतात त्या मुद्रितशोधकाच्या नजरेच्या जरा जवळ येतात.

२००८ मध्ये गिटहब सुरू झाले आणि गिट सर्वत्र गेले. पैसे घेणाऱ्या, देखण्या खिडक्या आल्या. स्टीव्ह स्ट्रीटिंग यांचे सोर्सट्री २०१० चे, पुढच्याच वर्षी अॅटलासियनने ते घेतले. गिटहबने २०११ मध्ये मॅकसाठी आणि २०१२ मध्ये विंडोजसाठी आपली खिडकी काढली. तिच्यात रेघांचे जाळे नव्हते. नोंदींची यादी आणि देवाणघेवाण एकदम करून टाकणारे ‘सिंक’चे बटण. २०१७ मध्ये ती नव्याने लिहिली तेव्हा ते बटण गेले, पण रेघा आल्या नाहीत. कासवाचा प्रश्न परत आला होता: आत्ता सगळे ठीक आहे ना?

रेघा मात्र वेगळ्याच ठिकाणी राज्य करत होत्या. जानेवारी २०१० मध्ये व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी शाखा कशा वापराव्यात यावर एक लेख लिहिला. त्याबरोबर एक उंच चित्र होते. पाच-सहा उभ्या रेघा, त्यांवर रंगीत ठिपके, वरून खाली वाहणारा काळ. गिटकेमध्ये काळ खालून वर चढतो, इथे तो वरून खाली. गंमत म्हणजे या चित्रातल्या रंगांना अर्थ होता. प्रत्येक जातीच्या शाखेला तिचा रंग. गिट-फ्लो नावाने ही पद्धत इतकी पसरली की ज्यांना तिची गरज नव्हती अशा गटांनीही ती स्वीकारली, आणि दहा वर्षांनी, २०२० मध्ये, खुद्द ड्रिसेन यांना त्या लेखावर टीप लिहावी लागली की ही पद्धत सर्वांसाठी नाही. लेख किती जणांनी नीट वाचला असेल कोण जाणे. चित्र पाहिले सर्वांनी.

आणि चित्रात आपली रोजची रेघ तशी नीटस दिसेना. दहा माणसे काम करू लागली की गिटकेमधल्या ठिपक्यांच्या डावी-उजवीकडे रेघांचा गुंता होतो, रेल्वेच्या यार्डासारखा. हा गुंता नको म्हणून ‘इतिहास सरळ ठेवा’ असा नियम अनेक गटांत आला. गिटमध्ये त्यासाठी रीबेस नावाची सोय आहे. तुम्ही सोमवारी सुरू केलेले काम, त्यानंतर दुसऱ्यांनी केलेल्या कामाच्या शेवटी नेऊन जोडायचे, जणू तुम्ही शुक्रवारीच सुरू केले. किंवा १५ नोंदींची एकच नोंद करायची. गिटहबने २०१६ मध्ये या दोन्हींसाठी बटणे दिली. रीबेस सजावटीसाठी जन्मले असे म्हणणे अन्यायाचे होईल. लिनक्समध्ये बदल पत्राने पाठवायची जुनी चाल आहे, आणि पाठवण्याआधी स्वच्छ प्रत करणे हा तिथला शिष्टाचार आहे. लेखक आपला कच्चा खर्डा छापायला देत नाही, तसेच. पण स्वतःच्या टेबलावरचा खर्डा फाडणे वेगळे आणि सर्वांच्या दप्तरातली नोंद बदलणे वेगळे. टॉरवल्ड्स यांनीही दुसऱ्यांनी आधार घेतलेला इतिहास पुन्हा लिहिणाऱ्यांना वेळोवेळी फटकारले आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात काय जाते ते दिसते. १५ नोंदींची एक झाली की चुकीची वाट, तिच्यावरून परत फिरणे, मध्यरात्रीची दुरुस्ती, हे सगळे जाते. उरते ते निकालपत्र. पुढे कोणी विचारले की अमकी ओळ इथे का आहे, तर उत्तर जिथे होते तो कागदच नसतो. सरळ रेघ वाचायला सोपी असते हे खरे. तिच्यात काय घडले ते नसते, काय घडायला हवे होते ते असते. दरबारी बखर आणि रोजकीर्द यांत मला कोणती हवी, हे मी सांगायला नको.

पण गिटने एक फट ठेवली आहे. प्रत्येक नोंदीत तो दोन नावे आणि दोन वेळा लिहितो: बदल मुळात कोणी, केव्हा केला, आणि तो नोंदीत कोणी, केव्हा घातला. रीबेस केले की दुसरी वेळ बदलते, पहिली सहसा तशीच राहते. नव्या देखण्या खिडक्यांपैकी पुष्कळशा एकच तारीख दाखवतात. गिटके खालच्या चौकटीत अजून दोन्ही ओळी छापते, एकीखाली एक. दोन तारखांत चार दिवसांचे अंतर दिसले की समजावे, इथे काहीतरी हलवले आहे. त्याच चौकटीत मातापित्यांच्या ओळीखाली ‘अपत्य’ अशीही एक ओळ असते. गिटमध्ये अपत्य कुठेच लिहिलेले नसते. नोंदीला आपले पूर्वज माहीत असतात, वंशज माहीत असणे शक्यच नाही, कारण ती पक्की झाली तेव्हा ते जन्मलेच नव्हते. ती ओळ मॅकेरास यांच्या प्रोग्रॅमने सारी वंशावळ चाळून काढलेली असते.

हे सगळे कोणालाही घरबसल्या तपासता येते. गिटचा स्वतःचा संग्रह उतरवून घ्यावा, त्यात गिटके उघडावे आणि सरकपट्टी अगदी तळाला न्यावी. हजारो रेघा कमी होत होत मोजक्या उरतात. एक टॉरवल्ड्स यांच्या ७ एप्रिलच्या नोंदीपाशी संपते. दुसरी जरा वर, मे महिन्यात, मॅकेरास यांच्या पहिल्या नोंदीपाशी. त्या नोंदीचा मथळा असा आहे की गिटकेची पहिली आवृत्ती सीव्हीएसच्या संग्रहात घातली.